झोपलेल्या शहाण्या कुमारी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींचा दाखला प्रवचनांतून बहुधा धाक म्हणून सांगितला जातो: जागे राहा, नाहीतर दार बंद होईल. मूळ कथा मात्र या वाचनाला अडचणीचा ठरणारा एक तपशील नोंदवते. वराला उशीर झाला तेव्हा झोप दहाही जणींना लागली. मध्यरात्री हाक आल्यावर शहाण्या कुमारी ओळखू आल्या त्या सोबत घेतलेल्या तेलामुळे. तेव्हा शेवटची ‘जागृत राहा’ ही आज्ञा डोळे ताणून बसण्याची असू शकत नाही. ज्याची तयारी झाली आहे, त्याला निर्धास्त झोपता येते.

लगेच पुढचा दाखला हाच अर्थ पुढे नेतो. धनी तीन दासांकडे द्रव्य सोपवून परदेशी जातो. तिसऱ्याला एकच टॅलेंट मिळतो. पण एक टॅलेंट म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. एवढे धन तो जमिनीत पुरतो आणि कारण सांगतो: भीती वाटली. त्याने काहीही उधळलेले नाही. तरी तो दोषी ठरतो, कारण धनी कठोर आहे एवढेच त्याने मनाशी धरले.

बंद दार आणि बाहेरचा अंधार या कथांत आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या अंधारात जाणारा दास भयानेच तिथवर पोहोचला आहे. भीती घालून श्रद्धा शिकवणारे प्रवचन श्रोत्याला नेमके त्याच दासाच्या जागी उभे करते.