ब्युटी पार्लर व सलूनवरील खोट्या ऑनलाइन रिव्ह्यूंना आळा घालण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी
तथा अध्यक्ष, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद,
सांगली.

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. जिल्हा पोलीस अधीक्षक, सांगली.

विषय : पार्लर व सलूनविषयी इंटरनेटवर टाकले जाणारे खोटे, खंडणीसाठीचे आणि स्त्रियांची बदनामी करणारे रिव्ह्यू, त्यांची चौकशी व उपाययोजना.

महोदय,

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात ब्युटी पार्लर व सलून चालवणारे आम्ही व्यावसायिक हे निवेदन आपणांस सादर करीत आहोत. आमच्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत. दोन खुर्च्या, एक फेशियल बेड आणि हाताखाली एक-दोन मुली, एवढाच बहुतेकींचा पसारा. कुणी आयटीआयमधून शिकून, कुणी दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये वर्षानुवर्षे थ्रेडिंग-वॅक्सिंग करून, मग मुद्रा योजनेतून किंवा बचत गटातून कर्ज उचलून स्वतःचा गाळा घेतला आहे. त्या गाळ्याचे नाव आता मोबाइलवरच्या पाच स्टारांवर ठरते. ते स्टार देणारा आमच्या दुकानात कधी आला होता का, हे मात्र कुणीच तपासत नाही. आमची सगळी तक्रार इथून सुरू होते.

वाईट रिव्ह्यू काढून टाकावेत, अशी आमची मागणी नाही. केसांच्या काळ्या रंगात पीपीडी नावाचे रसायन असते. काहींच्या त्वचेला ते सोसत नाही, आणि पुरळ किंवा सूज दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात. म्हणून रंग लावण्याच्या 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट करायची असते. ती टाळून कुणी रंग लावला आणि ग्राहकाचा चेहरा सुजला, तर त्या बाईने ते लिहिलेच पाहिजे, फोटोसह लिहिले पाहिजे, आणि तो रिव्ह्यू कुणालाही काढता येऊ नये. वॅक्सने भाजले, मेकअपला सांगितलेली वेळ पाळली नाही, दर एक सांगून बिल दुसरे लावले, हेही ग्राहकाने लिहावे. त्यातून आमच्या व्यवसायाला शिस्तच लागते. आमचे भांडण आहे ते आमच्या दाराची पायरीही न चढलेल्यांशी.

पूर्वी शेजारीण किंवा नणंद सांगायची त्या पार्लरमध्ये बाई जायची. आज तासगाव, जत किंवा कवठेमहांकाळहून साखरपुड्याचा मेकअप ठरवायला निघालेली मुलगी आधी मोबाइलवर रेटिंग बघते, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या रेटिंगचा हिशेब पाहावा. एखाद्या पार्लरला 40 जणींनी रिव्ह्यू दिले आहेत आणि सरासरी 4.8 आहे. एका रात्रीत 10 बनावट खात्यांवरून प्रत्येकी एक स्टार पडला, की सरासरी 4.04 वर येते. ती पुन्हा 4.8 व्हायला पाच स्टारचे 190 रिव्ह्यू लागतात. छोट्या पार्लरला 40 रिव्ह्यू जमायलाच काही वर्षे जातात, कारण समाधानी बाई सहसा लिहीत नाही. ती पुढच्या महिन्यात परत येते, इतकेच. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते. ऐन त्या तोंडावर असा घाला पडला, तर नवरीची बुकिंगे जातात आणि वर्षभराचे भाडे-हप्ते ज्या दोन-चार महिन्यांवर निघतात तेच हातचे जातात.

अशी घसरण झाली की काही दिवसांत फोन येतो. बोलणारा स्वतःला मार्केटिंगवाला म्हणवतो. वाईट रिव्ह्यू काढून देतो, चांगले टाकून देतो, महिन्याला अमुक रक्कम पाठवा. नकार दिल्यावर आणखी एक-एक स्टार पडत गेल्याचा अनुभव आमच्यातील अनेकांना आहे. कधी ग्राहकही हे हत्यार उचलतो. मेकअप झाला, समारंभ पार पडला, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी निरोप येतो की पैसे परत करा, नाहीतर सगळीकडे लिहीन. भीती घालून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली खंडणीचा गुन्हा आहे. धमकी रिव्ह्यूची आहे म्हणून तो हलका ठरत नाही.

आता जे लिहितो, ते लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे. काही रिव्ह्यूंमध्ये कामाबद्दल एक अक्षर नसते. ‘इथे आत वेगळेच चालते’, ‘अमकी मुलगी हवी म्हणून सांगा’, ‘मसाजच्या नावाखाली काय मिळते ते विचारा’ अशा धाटणीची वाक्ये असतात, आणि त्यांत हाताखालच्या मुलीचे नाव घातलेले असते. ही मुलगी वीस-बावीस वर्षांची असते, खेड्यातून एसटीने येऊन-जाऊन काम शिकत असते. असा मजकूर तिच्या भावाच्या मोबाइलवर पोहोचला की दुसऱ्या दिवसापासून तिचे येणे बंद होते. मालकिणीला गाळामालक बोलावून घेतो आणि जागा खाली करण्याचे सुचवतो. पुरुष फोन करून नको ते विचारू लागतात. एक स्टार पुढे-मागे भरून काढता येतो; मुलीचे सुटलेले काम आणि घरातला गेलेला विश्वास भरून निघत नाही. स्त्री स्वतः कमावते, दार लावून बायकांची कामे करते, एवढ्यावरून तिच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची जुनी खोड आता निनावी खात्यांच्या आडोशाने मोकाट सुटली आहे.

अशा तक्रारी घेऊन आमच्यापैकी काही जणी पोलीस ठाण्यात गेल्या, तेव्हा त्यांना ‘बदनामी अदखलपात्र आहे, कोर्टात जा’ असे सांगण्यात आले. बदनामीचे कलम 356 अदखलपात्र आहे, हे खरे. परंतु स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने वापरलेल्या शब्दांसाठी त्याच संहितेत कलम 79 आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. वरच्यासारखा मजकूर कोणत्या कलमात बसतो, हे ठाण्यातल्या टेबलावर ठरते, आणि तिथेच प्रकरण मिटवले जाते. उशिराची किंमतही मोठी आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार काढून टाकलेला मजकूर आणि बंद केलेल्या खात्याची नोंदणी-माहिती तपासासाठी 180 दिवस जपून ठेवावी लागते. तक्रार घ्यायची की नाही यातच महिने गेले, तर लिहिणारा कोण हे शोधण्याचा धागाच हाती राहत नाही.

आम्ही उत्तर का देत नाही, असेही विचारले जाते. रिव्ह्यूखाली उत्तर लिहिण्याची सोय असते, हे आम्हाला माहीत आहे. पण पार्लरच्या खुर्चीत बसलेली बाई पुष्कळ काही सांगते, आणि त्याहून अधिक आमच्या नजरेला पडते. डोक्यातल्या उवा, थायरॉइडमुळे गळणारे केस, हनुवटीवरचे केस, अंगावरचे डाग, कधी मारहाणीचे वळ. ‘केराटिन केल्यावर केस गळाले’ असे लिहिणाऱ्या ग्राहकाचे केस आधीपासून कोणत्या औषधाने गळत होते, हे माहीत असूनही आम्ही चारचौघांत लिहू शकत नाही, आणि लिहिणारही नाही. हे मौन आमच्या कामाचा धर्म आहे. म्हणून वादाची शहानिशा बंद दाराआड, त्रयस्थ माणसासमोर व्हायला हवी. आज अशी जागाच नाही.

ॲपकडे तक्रार केली तर ‘आमच्या धोरणाचा भंग आढळला नाही’ असे साचेबद्ध उत्तर येते. कायद्याची वाटही अरुंद झाली आहे. मध्यस्थ कंपनीने मजकूर काढण्यासाठी न्यायालयाचा किंवा शासनाचा आदेश लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात स्पष्ट केले. नागरिकांच्या अभिव्यक्तीसाठी तो निकाल मोलाचा आहे आणि आम्हाला तो मान्य आहे. पुढे ऑक्टोबर 2022 च्या दुरुस्तीत माहिती तंत्रज्ञान नियमांतून बदनामीकारक मजकुराचा उल्लेखही वगळण्यात आला. परिणाम असा, की दोन खुर्च्यांच्या पार्लरला एका रिव्ह्यूसाठी दिवाणी दावा लावावा लागतो, आणि तोही ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही अशा माणसाविरुद्ध.

तरीही हा विषय आपल्या कक्षेत येतो, अशी आमची धारणा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(47) मध्ये दुसऱ्याच्या सेवेची वा व्यवसायाची खोटी माहिती देऊन निंदा करणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. खोटा रिव्ह्यू आमच्याइतकाच ग्राहकालाही फसवतो. खरी माहिती मिळण्याचा तिचा हक्क तो हिरावून घेतो. अनुचित व्यापारी प्रथांची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करण्याची मुभा कलम 17 देते आणि कलम 16 आपणांस चौकशी करून अहवाल पाठवण्याचा अधिकार देते.

म्हणून आमची पहिली मागणी आपल्याकडेच आहे. पैसे घेऊन रिव्ह्यू टाकणाऱ्या आणि काढणाऱ्या दलालांची जिल्ह्यात कलम 16 खाली चौकशी व्हावी आणि अहवाल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या प्रादेशिक आयुक्तांकडे जावा. या चौकशीत आमच्या व्यवसायालाही सूट नको. विकत घेतलेले पाच स्टार हेही ग्राहकाची फसवणूक आहेत, आणि शेजारच्या पार्लरवर एक स्टार टाकायला पैसे देणारे हात कधी कधी आमच्याच व्यवसायातले असतात. असे कुणी सापडल्यास आम्ही त्याच्या पाठीशी उभे राहणार नाही. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घेऊन ग्राहक संघटनांनाही बोलवावे, म्हणजे त्यांची बाजूही ऐकली जाईल.

मा. पोलीस अधीक्षकांकडे आमची विनंती अशी, की स्त्रियांच्या चारित्र्याबद्दल लिहिलेल्या रिव्ह्यूंची तक्रार कलम 79 च्या कसोटीवर तपासल्याशिवाय अदखलपात्र म्हणून निकाली काढू नये, आणि पैशाच्या मागणीसह आलेली धमकी कलम 308 खाली पाहावी, असे लेखी निर्देश सर्व ठाण्यांना द्यावेत. तक्रार मिळताच सायबर पोलीस ठाण्यामार्फत त्या खात्याची माहिती जपून ठेवण्याचे पत्र कंपनीला जावे. तक्रारदार मुलीला तो मजकूर पुरुष अंमलदारासमोर मोठ्याने वाचून दाखवावा लागू नये. महिला अधिकाऱ्यांनी तो लिहून घ्यावा.

उरलेल्या मागण्या केंद्र सरकारच्या आहेत. त्या आपल्या शिफारशीसह पुढे पाठवाव्यात. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000:2022 हे मानक आणले, पण ते ऐच्छिक ठेवले. मे 2024 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ते सक्तीचे करण्याचा प्रस्ताव कंपन्यांसमोर मांडला. त्या प्रस्तावाचे बंधनकारक आदेशात रूपांतर व्हावे, आणि नकाशे व दुकानांची माहिती दाखवणारी ॲप स्पष्ट शब्दांत त्याच्या कक्षेत आणावीत. अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून खोटे रिव्ह्यू विकण्या-घेण्यावर दंडाची तरतूद आहे. ब्रिटनने एप्रिल 2025 पासून ते रोखण्याची जबाबदारी रिव्ह्यू छापणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. तेथे ज्यांना हे जमते, त्यातल्याच कंपन्या इथेही धंदा करतात.

या मानकात एक उणीव मात्र आहे. ई-मेल किंवा फोनवरून रिव्ह्यू लिहिणाऱ्याची ओळख पटते. तो त्या दुकानात गेला होता, हे त्यातून कळत नाही. म्हणून दुकानदाराने हरकत घेतल्यास लिहिणाऱ्याकडून भेटीचा एखादा पुरावा कंपनीने मागावा. बिल, यूपीआयची नोंद, अपॉइंटमेंटचा मेसेज, काहीही चालेल. तो पुरावा फक्त कंपनीने पाहावा. ग्राहकाचे नाव आम्हाला कळण्याची गरज नाही. ठरलेल्या मुदतीत पुरावा न आल्यास तो रिव्ह्यू सरासरीतून वगळावा. एका रात्रीत एक-स्टारचा लोंढा आला, तर पडताळणी होईपर्यंत जुनी सरासरी कायम ठेवावी. हरकतीचा निर्णय कारणासह, मराठीत आणि माणसाने वाचून दिलेला असावा.

ग्राहकाकडे पुरावा असायला हवा, तर तो आम्हीच दिला पाहिजे. त्यामुळे या निवेदनावर सही करणारे आम्ही सर्व जण यापुढे प्रत्येक कामाचे, अगदी थ्रेडिंगचेसुद्धा, तारीख घातलेले बिल देऊ, रंगापूर्वीच्या पॅच टेस्टची नोंद वहीत ठेवू आणि चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणार नाही. परिषदेने केव्हाही तपासणी करावी.

आपण चर्चेसाठी वेळ द्यावी, ही नम्र विनंती. शक्यतो सोमवारी द्यावी. त्या दिवशी आमच्यातील बहुतेकांची दुकाने बंद असतात.

आपले विश्वासू,
सांगली, मिरज व कुपवाड परिसरातील ब्युटी पार्लर व सलून चालक
(सह्यांची यादी जोडली आहे.)

सोबत : 1) पैशाची मागणी करणाऱ्या संदेशांच्या प्रती. 2) ॲपकडून आलेल्या उत्तरांच्या प्रती. 3) बदनामीकारक रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट सीलबंद पाकिटात. त्यांत काम करणाऱ्या मुलींची नावे असल्याने हे पाकीट आपण किंवा मा. पोलीस अधीक्षक यांनीच उघडावे.