शेपर्डला आलेली स्थळं

जेकब टेलरने मला सोडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि सकाळी अकराला आत्या एक स्थळ घेऊन येणार होती.

जेकब खराखुरा नाही. तो ‘मास इफेक्ट’ या गेममधला. खेळला नसाल तर थोडक्यात सांगते. तुम्ही कमांडर शेपर्ड, एका अवकाशयानाचे प्रमुख. शेपर्ड पुरुष ठेवायचा की बाई, हे सुरुवातीलाच तुम्ही ठरवता. गोष्ट तीच, लढाया त्याच, संवादही जवळजवळ तेच. यानावरच्या साथीदारांशी गप्पा मारत, योग्य वेळी योग्य उत्तरं देत त्यांतल्या कुणाच्या तरी प्रेमात पडता येतं. २००७, २०१० आणि २०१२ असे तीन भाग आले. एका भागातलं प्रेम सेव्ह फाइलबरोबर पुढच्या भागात येतं, आणि या गेमचं खरं व्यसन तेच.

माझी शेपर्ड बाई होती. दुसऱ्या भागात तिच्यापुढे तीन पुरुष येतात : जेकब, थेन आणि गॅरस. मी जेकबला निवडलं. तिसऱ्या भागाच्या आधी शेपर्ड सहा महिने पृथ्वीवर नजरकैदेत असते. ती बाहेर येते, जेकबला शोधून काढते, तर त्याचं एका शास्त्रज्ञ बाईशी जुळलेलं आहे आणि त्यांना मूल होणार आहे. मी काही चुकीचं उत्तर दिलं होतं का? नाही. हे टाळायचा मार्गच गेममध्ये नाही.

चिडून मी दुसरा भाग पुन्हा पहिल्यापासून खेळले आणि थेनला निवडलं. आपल्याला असाध्य आजार आहे हे तो आधीच सांगतो, त्यामुळे फसवणुकीची तक्रार नाही. पण तिसऱ्या भागात तो मरतो. काहीही करा, मरतोच. उरला गॅरस. गॅरस सोन्यासारखा आहे, वाद नाही. पण पहिल्या भागात तो नुसता मित्र होता. चाहत्यांनी धोशा लावला म्हणून तो प्रेमाच्या यादीत आला.

आता पुरुष शेपर्डची यादी बघा. मिरांडा, जॅक, टाली. नीट खेळलात तर तिघीही वाचतात. प्रेम करून कुणी त्याला सोडून दुसऱ्याकडे जात नाही.

तिकडे तीन, इकडे तीन. समसमान! गेमिंगवाल्या मित्रांशी हा वाद घातला की ते हाच हिशेब तोंडावर मारतात. ‘ऑप्शन सारखेच आहेत ना? मग प्रॉब्लेम काय?’ या हिशेबाशीच माझं भांडण आहे.

त्या वर्षी आमच्या घरी माझ्यासाठी बायोडेटा जमत होते. ‘शेवटी पसंती तुझीच’ असं बाबा मनापासून म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. मी सात मुलांना नाही म्हटलं, कुणी आवाज चढवला नाही. फक्त यादी आत्या करायची. कोण त्या यादीत येणार, कोण येणारच नाही, हे माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच ठरलेलं असायचं. म्हणून मला गेममधल्या ‘चॉइस’ या शब्दाचं फार कौतुक वाटत नाही. यादी कुणी केली आणि करताना कोण डोळ्यासमोर होतं, ते आधी सांगा.

कोण डोळ्यासमोर होतं याची उत्तरं गेमच्या आतच सापडतात. ‘मास इफेक्ट’मध्ये बाईचं लियाराशी प्रेम पहिल्या भागापासून जमतं. लियारा असारी आहे. तिच्या प्रजातीत एकच लिंग, त्यामुळे म्हणे ती बाई नाहीच. दिसते मात्र निळ्या रंगाच्या सुंदर बाईसारखी. पुरुषाचं पुरुषाशी प्रेम जमायला तिसरा भाग, म्हणजे २०१२ उजाडावं लागलं. दोन बायका चालतात, दोन पुरुष चालत नाहीत. सोफ्यावर बसून बघणारा कोण असेल असं धरलं होतं, ते वेगळं सांगायला नको. त्यातही गंमत अशी की दुसऱ्या भागातली जॅक बराच काळ पुरुष आणि बाई दोघांनाही मिळणार होती. तिचे लेखक ब्रायन किंड्रेगन यांनी २०२१ मध्ये हे सांगितलं. पहिल्या भागातल्या एका प्रणयदृश्यावरून फॉक्स न्यूजने गोंधळ घातला होता, त्याची धास्ती स्टुडिओने घेतली आणि जॅक फक्त पुरुषांच्या यादीत गेली.

आणि चेहऱ्याचा किस्सा तर विसरताच येत नाही. पुरुष शेपर्डचा चेहरा पहिल्यापासून ठरलेला होता, एका डच मॉडेलवरून घेतलेला. त्यावर कुणी कुणाचं मत मागितलं नाही. २०११ मध्ये तिसऱ्या भागाच्या जाहिरातीसाठी बाई शेपर्डचाही अधिकृत चेहरा हवा झाला, तेव्हा सहा चेहरे फेसबुकवर टाकून लोकांना सांगितलं, निवडा. सोनेरी केसांची जिंकली. ही सौंदर्यस्पर्धा झाली अशी ओरड झाली, मग पुन्हा मतदान घेतलं. या वेळी फक्त केसांच्या रंगावर. लाल रंग जिंकला. आकाशगंगा वाचवणारी बाई, आणि तिचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम. आत्याला हे सांगितलं असतं तर तिला काडीचंही नवल वाटलं नसतं.

‘पण बाई शेपर्ड खेळतं कोण?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. त्याच २०११ मध्ये कंपनीने आकडा दिला होता : १८ टक्के. मग १८ टक्क्यांसाठी पैसा का ओतायचा? ऐकायला बिनतोड वाटतं. पण डब्यावर पुरुष, ट्रेलरमध्ये पुरुष, गेम सुरू केला की समोर आयता पुरुष, आणि मग मोजायचं की बाई किती जणांनी निवडली! दुकानात वस्तू मागच्या कपाटात ठेवायची आणि खपत नाही म्हणून ओरडायचं, त्यातला हा प्रकार. २०२१ मध्ये तिन्ही भाग नव्याने एकत्र आले, तेव्हा तोच आकडा ३२ टक्के निघाला. दहा वर्षांत खेळणारेही बदलले, तेव्हा सगळं श्रेय जाहिरातीला देणार नाही. पण जेनिफर हेलचा आवाज तोच होता, तिची वाक्यं तीच होती. ती आता समोर दिसत होती, एवढं नक्की.

एकट्या ‘मास इफेक्ट’ला झोडपणं अन्यायाचं होईल. याच बायोवेअरच्या २००० सालच्या ‘बाल्डर्स गेट २’मध्ये पुरुष नायकाला जहिरा, एरी आणि व्हिकोनिया अशा तीन प्रेयसी होत्या. नायिकेला एक. अनोमेन. उमेदवारी करणारा सरदार, अहंकाराने फुगलेला, पहिल्या भेटीतच नको वाटणारा. म्हणजे एकच स्थळ, आणि तेही असं! पुढे वर्षानुवर्षं चाहत्यांनी स्वतः मॉड लिहून नायिकेसाठी नवे साथीदार तयार केले, फुकट, रात्री जागून. मागणीच नव्हती असं म्हणणाऱ्यांनी ते मॉड बघावेत.

आता काळ बदलला, असंही ऐकवलं जातं. बदलला आहे, थोडा. २००७ च्या पहिल्या ‘विचर’मध्ये एखाद्या बाईबरोबर रात्र घालवली की तिच्या चित्राचं कार्ड मिळायचं. जमवा आणि ठेवा. त्याच स्टुडिओने २०१५ मध्ये तिसऱ्या भागात ट्रिस आणि येनेफर दोघींना एकाच वेळी शब्द देणाऱ्या गेराल्टला पलंगाला बांधून ठेवलं आणि दोघी निघून गेल्या. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. मग २०२० मध्ये त्यांचाच ‘सायबरपंक २०७७’ आला. चार प्रेमं, कागदावर चोख वाटणी : पनाम आणि केरी पुरुष व्हीसाठी, रिव्हर आणि ज्युडी बाई व्हीसाठी. पण पनाम मुख्य कथेत विणलेली आहे, तिच्या टोळीच्या मदतीने गेमचा एक अख्खा शेवट गाठता येतो. रिव्हर येतो तो जोडमोहिमांमध्ये. बाई म्हणून पुरुषावर प्रेम करायचं असेल तर तो एकटाच आहे, आणि तो आला नाही तरी मुख्य कथेचं काही अडत नाही. डोकी मोजली की वाटणी बरोबर भरते. पानं मोजा म्हणजे कळेल.

मुलांनो, आता तुमच्याबद्दल. या यादीत तुमचाही तोटा झालाय, फक्त तो लाडाच्या रूपात झालाय. जुन्या ‘पर्सोना ३’मध्ये नायक शाळकरी मुलगा आहे. बरोबरीच्या मुलींशी ओळख वाढवत नेली की ती शेवटी प्रेमातच जाते. मुलीशी नुसती मैत्री, पुरती आणि घट्ट, हा पर्यायच नाही. मित्र हवा तर मुलगा बघ. २००९ मध्ये त्याची ‘पोर्टेबल’ आवृत्ती आली, तिच्यात नायिका मिळाली. तिला मात्र प्रेम की मैत्री ते ठरवता यायचं. नायिका लिहायला बसल्यावर लेखकांना अचानक आठवलं की माणूस ‘आपण मित्रच राहू’ असंही म्हणू शकतो! मुलाला ते वाक्य द्यायचं सुचलंच नव्हतं. २०२४ च्या ‘रिलोड’मध्ये मुलालाही मैत्री राखता येते, हे बरं झालं. पण ती नायिका ‘रिलोड’मध्ये नाही. खर्च आणि वेळ ही कारणं पुढे आली.

खर्च खोटा नाही. प्रत्येक प्रेमकथेला लेखन लागतं, आवाज लागतात, हालचाली बसवाव्या लागतात. कात्री लागणारच. माझा आक्षेप एवढाच की कात्री उचलली की ती दर वेळी एकाच बाजूला कशी जाते?

मग सगळ्यांना सगळेच मिळू देत, ‘बाल्डर्स गेट ३’सारखे? मी तो गेम दोनशे तास खेळले आहे, त्यामुळे नावं ठेवायला तोंड नाही. तरीही माझी मागणी ती नाही. २०१४ च्या ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मध्ये डोरियन आहे, जादूगार, मिश्यांना पीळ देणारा. माझ्या नायिकेने त्याच्याशी बरंच गोड बोलून पाहिलं. त्याला पुरुष आवडतात. तो हसून, न दुखावता नाही म्हणतो, आणि पुढे त्याच्या वडिलांनी त्याला ‘सरळ’ करण्यासाठी काय करायचं ठरवलं होतं ते कळतं, तेव्हा त्या ‘नाही’ला वजन येतं. हा नकार मला आवडला. कारण तो देताना समोर बाई उभी आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. त्याच गेममध्ये सोलास फक्त एल्फ नायिकेवर प्रेम करतो, बाकी कुणावर नाही, आणि ते प्रेम गेमच्या मुख्य कथेच्या गाभ्यात शिरतं. तोही तिला सोडून जातो. जेकबही गेला होता. पण सोलासच्या जाण्याने मी आठवडाभर अस्वस्थ होते, आणि जेकबच्या जाण्याने मला नुसती थप्पड बसल्यासारखं झालं. एक जण तिच्यासाठी लिहिलेल्या गोष्टीतून गेला. दुसऱ्याला कुणीतरी वाटेतून बाजूला केलं, कारण ती वाट कुणी चालत असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

शेतीच्या जुन्या ‘हार्वेस्ट मून’ मालिकेतलं एक उदाहरण मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. ‘बॅक टू नेचर’ हा प्लेस्टेशनवरचा भाग मुलग्याचा. शेत पिकवा, लग्न करा, पुढे संसार आणि शेत दोन्ही चालू. जपानमध्ये त्याची मुलींसाठी वेगळी आवृत्ती निघाली. तेच गाव, तेच शेत. फक्त मुलीने लग्न केलं की श्रेयनामावली यायची आणि गेम संपायचा.

माझी मामेबहीण अकरावीत आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, “ताई, काहीही सांगू नकोस.” ती फोनवर ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळते. ‘हार्वेस्ट मून’च्या प्रेमातून एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने बनवलेला गेम. तिथे बारा जण लग्नाला उभे आहेत, सहा मुलगे आणि सहा मुली, आणि तुम्ही कुणीही असा, बाराही जण खुले. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला वारलेले आजोबा येऊन तुमचा हिशेब करतात. एकूण एकवीस गुण असतात, त्यांतला लग्नाला एक. बारा मिळाले की समाधीवरच्या चारही मेणबत्त्या पेटतात.

तिने स्क्रीन माझ्यापुढे धरली. चारही पेटलेल्या. घरात ती, एक मांजर आणि तळघरात चीजची पिंपं.

“लग्न?” मी विचारलं.

“वेळ कुठेय,” ती म्हणाली आणि मासे पकडायला गेली.