वस्तू आपली, पैसेही आपलेच गेले

घरातला महागडा मोबाईल, लॅपटॉप किंवा कॅमेरा विकायचा झाला, की पूर्वी नात्यागोत्यात विचारणा होत असे. आता वस्तूचे छायाचित्र आणि किंमत इंटरनेटवर टाकली, की थोड्याच वेळात अनोळखी ग्राहकाचा फोन येतो. अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, मुरूड अशा किनाऱ्यावरील गावांना ही सोय उपकारक ठरली आहे. कारण महाग वस्तूचे गिऱ्हाईक गावात क्वचितच मिळते, ते बहुधा मुंबई-पुण्याकडे असते. परंतु या सोयीबरोबरच विकणाऱ्यालाच लुबाडणारी एक फसवणूकही घरोघरी पोहोचली आहे.

खरेदी करताना आपण सावध असतो. वस्तू नकली निघेल काय, ती घरी पोहोचेल काय, असे प्रश्न आपण विचारतो. विकताना मात्र मन निर्धास्त असते. वस्तू आपल्या ताब्यात आहे आणि पैसे तर आपल्याकडे यायचे आहेत, मग आपले जाणार काय? हा निर्धास्तपणाच लबाडांचे भांडवल आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या कन्येने जुना सोफा विकण्यासाठी इंटरनेटवर जाहिरात दिली. ग्राहकाने प्रथम अगदी लहानशी रक्कम पाठवून विश्वास संपादन केला. नंतर उरलेल्या पैशांसाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठविला. तो स्कॅन करताच पैसे येण्याऐवजी २०,००० रुपये गेले. 'चूक झाली' असे सांगून पाठविलेल्या दुसऱ्या कोडने आणखी १४,००० रुपये नेले. सुशिक्षित घरात, राजधानीत हे घडले. तेव्हा फसतो तो अडाणीच, हा समज आपण सोडून द्यावा.

या फसवणुकीचे मर्म एका वाक्यात सांगता येते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना ना पिन लागतो, ना कोड स्कॅन करावा लागतो. 'रक्कम जमा होण्यासाठी पिन टाका' असे कोणी म्हणाले, की तो लबाड आहे हे निश्चित समजावे. पूर्वी हे लोक पैशांची मागणी थेट आपल्या मोबाईलवर धाडीत. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली आहे. तथापि क्यूआर कोड, रक्कम जमा झाल्याचा बनावट संदेश, 'चुकून जास्त पाठविले, फरक परत करा' अशी विनवणी आणि आपल्या मोबाईलचा पडदा दुरून पाहू देणारी अ‍ॅप्स हे मार्ग उरलेच आहेत.

आपल्या किनाऱ्यावर या बतावणीला अधिक बळ मिळते. 'मी मुंबईत आहे, खाडीपलीकडे येणे जमत नाही, पैसे आधी पाठवितो, माझा माणूस वस्तू नेईल' हे बोलणे येथे खरे वाटते; पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असताना तर अधिकच. दुसरी बतावणी गणवेशाची. स्वतःला लष्करी जवान म्हणविणारे, ओळखपत्राचे छायाचित्र पाठविणारे ग्राहक देशभर आढळले आहेत. उरणजवळ करंजा येथे नौदलाचा शस्त्रास्त्र साठा असल्याने गणवेशातील माणूस आपल्याला परका वाटत नाही. पण छायाचित्र म्हणजे ओळख नव्हे.

यावर उपाय साधे आहेत. व्यवहार समोरासमोर, दिवसा, शक्यतो बँकेच्या आवारात करावा आणि सोबत घरचे कोणी असावे. संदेशावर किंवा ग्राहकाच्या मोबाईलवरील चित्रावर विसंबू नये. आपल्या खात्यातील शिल्लक स्वतः पाहून मगच वस्तू हाती द्यावी. मोबाईल विकताना त्याचा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवावा, ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत व सहीची पावती घ्यावी, आपली खाती व माहिती पूर्ण काढून टाकावी. ग्राहक घाई करू लागला, तर आपण थांबावे. वस्तू आज विकली गेली नाही, तर उद्या विकली जाईल.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या क्रमांकावर त्वरित कळविल्यास रक्कम पुढे काढली जाण्याआधी बँकांमार्फत रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. स्वतःच्या बँकेलाही लगेच कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले, की ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळविल्यानंतरचे मात्र बँकेचे. उरण-पनवेल नवी मुंबई पोलिसांकडे, तर अलिबाग, मुरूड रायगड पोलिसांकडे येते. तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार अशा तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे सारे उपाय एका गोष्टीपुढे हतबल ठरतात, आणि ती म्हणजे लाज. मुलाच्या फीसाठी किंवा घरातील आजारपणासाठी वस्तू विकायला काढलेली असते. पैसे गेले हे नवऱ्याला, सुनेला, शेजाऱ्यांना कसे सांगावे, या विचारात रात्र जाते आणि ते मोलाचे तासही निघून जातात. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले, ते अशाच सायबर टोळ्यांना पकडण्यासाठी. समोर एकटादुकटा भामटा नसून सराईत, संघटित धंदा असतो. त्याच्यापुढे फसणे हा गुन्हा नाही. म्हणून घरातील ज्येष्ठांना 'तुम्हाला कळत कसे नाही?' असे विचारण्यापेक्षा तरुणांनी त्यांच्या शेजारी बसून १९३० हा क्रमांक लावून द्यावा. गेलेले पैसे परत मिळण्याची आशा त्या पहिल्या फोनवरच अवलंबून असते.