पाणी वाचते, वीज वाढते

दिवाळीच्या तोंडावर किचनच्या ऑर्डरी वाढतात आणि हल्ली ग्राहक ट्रॉल्यांच्या नकाशातच डिशवॉशरची जागा मागून घेतो. ‘पाणीही वाचेल, वीजही वाचेल’ असे त्याला दुकानात सांगितलेले असते. यातले पहिले खरे. दुसरे आपल्याकडच्या बहुतेक घरांत खोटे.

वीजबचतीचा दावा मूळ युरोपातला. तिथे हातानेही भांडी गरम पाण्यात धुतात, त्यामुळे तुलनेत यंत्र जिंकते. आपल्याकडे खरकटी भांडी थंड पाण्यानेच निघतात. म्हणजे यंत्राने खाल्लेले प्रत्येक युनिट बिलात नव्याने वाढते. १२ ते १४ प्लेस सेटिंगचे चांगले यंत्र इको प्रोग्रॅमवर साधारण १० लिटर पाण्यात आणि युनिटभर विजेत काम उरकते. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हा सौदा उत्तमच. पण तो काय आहे हे ग्राहकाला आधी कळले पाहिजे. ताटे आधी नळाखाली विसळून मग आत लावणाऱ्या घरात तर पाणीही वाचत नाही. खरकटे काढून टाकले की पुरे.

प्लेस सेटिंग हे मापही तिकडचेच: बश्या, पेले, काटे-चमचे. कढई, कुकर आणि दुधाचे पातेले आले की हिशेब बिघडतो. म्हणून चौघांच्या घरालाही आठ सेटिंगचे यंत्र सुचवताना विचार करावा. ते दिवसातून दोनदा चालले तर बचत कसली? ॲल्युमिनियमची कढई आत काळी पडते, हेही आधीच सांगितलेले बरे.

इको प्रोग्रॅम तीन-चार तास चालतो म्हणून लोक तो टाळतात आणि रोज ७० अंशांचा प्रोग्रॅम लावतात. यंत्राची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते. इको ५० अंशांच्या आसपास थांबतो आणि उरलेले काम डिटर्जंटमधल्या एन्झाइमांना वेळ देऊन करून घेतो. रात्री लावून झोपावे, एवढाच त्यावर उपाय.

आता आपल्या हातातले. अनेक यंत्रे ६० अंशांपर्यंतचे पाणी आत घेतात. माहितीपुस्तिकेत तशी परवानगी असेल आणि इमारतीत सोलर असेल, तर इनलेट त्या लाइनला जोडता येतो. मात्र यंत्र एका वेळी तीन-चार लिटरच घेते. पाइप लांब असेल तर तेवढे गार पाणीच आत जाईल आणि जोडणी वाया जाईल. दुसरी अडचण दाबाची. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. टाकीखालच्या शेवटच्या मजल्यावर तीन मीटरही उंची मिळाली नाही, तर ०.३ बारसुद्धा भरत नाही आणि यंत्र पाणी भरतानाच अडते. तिथे प्रेशर पंपाचा खर्च धरावाच लागतो. बोअरच्या जड पाण्यात मिठाचा कप्पा रिकामा ठेवला, तर क्षार साचतात, पेले पांढरे पडतात आणि दोष फिटिंगवर येतो. सॉफ्टनरचे सेटिंग पाणी तपासून आपणच करून द्यावे. वापरायला घरातले बारीक मीठ नको, डिशवॉशरचे जाडेच हवे.

तेव्हा यापुढे कोटेशनवर तीन ओळी वाढवा: पाण्याचा जडपणा किती, नळाशी दाब किती, सोलरची लाइन ओट्यापासून किती लांब. कंपनी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.