उलटे टांगलेले शेजारी

बालमित्रांनो, फराळ झाला का मनसोक्त? मग उरलेला चकलीचा तुकडा तोंडात टाका आणि अशी जवळ येऊन बसा.

आमच्या घरामागे एक जुना वड आहे. त्यावर शे-दोनशे वटवाघळे राहतात. गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने एक बेत आखला. भर दुपारी वडाखाली सुतळी बाँब लावायचा आणि सगळी वटवाघळे एकदम कशी उडतात ते पाहायचे! धाकटी नात रडवेली झाली. “नको रे दादा! ती येऊन माझ्या केसांत अडकतील.”

मी म्हटले, “बाँब राहू दे तुझ्याजवळ. पण आधी संध्याकाळी माझ्याबरोबर गच्चीवर चला.”

दिवेलागणीला आम्ही वर गेलो. वडावर कलकलाट सुरू झाला होता. एकेक वटवाघूळ फांदी सोडी, जरा खाली येई आणि पंख मारीत निघून जाई. पंख केवढे? पसरले की चार फुटांच्या आसपास!

“केवढा मोठा पक्षी!” नात म्हणाली.

पक्षी? छे! त्याला पिसे नाहीत, चोच नाही, ते अंडी घालीत नाही. वटवाघळाची आई एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि त्याला अंगावर पाजते. लहान असताना ते पिल्लू आईच्या पोटाला घट्ट बिलगून तिच्याबरोबर उडते. विमानप्रवास, आणि तोही फुकट!

मग ते पंख कशाचे? तुमचा हात पसरून पाहा बरे. आता समजा, ही बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबच लांब वाढली आणि त्यांवर पातळ कातडे ताणून बसवले. झाला पंख! अंगठा मात्र मोकळा, आकड्यासारखा. फांद्यांतून सरपटताना तो उपयोगी पडतो.

“पण झोपेत खाली कशी पडत नाहीत?” नातवाने विचारले. प्रश्न चांगला होता. आपल्याला दांडी धरून लोंबायचे तर जोर लावावा लागतो. हात भरून येतात. वटवाघळाचे उलटे आहे. अंगाचा भार खाली ओढला गेला की त्याच्या पायांची नखे आपोआप आवळली जातात. खुशाल झोपावे!

ही आपली थोरली वटवाघळे फळे खातात, फुलांतला मध चाटतात. उंबर, वड, पिंपळ यांची फळे खाऊन ती बिया दूरदूर टाकतात. आपल्या वडाचे बी कोणी पेरले असेल, सांगा पाहू?

त्यांचे डोळे मोठे असतात. त्यांना अंधारात छान दिसते. विजेच्या दिव्याभोवती भिरभिरतात त्या पाकोळ्या. त्या कीटक खातात, आणि त्यांची तऱ्हा न्यारीच. १७९३ च्या सुमारास इटलीतल्या स्पालान्झानी नावाच्या शास्त्रज्ञाला आढळले, की डोळ्यांनी दिसेनासे केले तरी त्या अडथळे चुकवीत उडतात. कान बंद केले की मात्र धडकतात. लोकांना हे पटेना. पुढे १९३८ साली अमेरिकेत ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने एका प्राध्यापकांचे यंत्र पाकोळ्यांसमोर ठेवले, तेव्हा उलगडा झाला. पाकोळी उडताना सारखी ओरडत असते! आवाज इतका बारीक, की आपल्या कानांना तो ऐकूच येत नाही. डोंगरासमोर हाक मारली की प्रतिध्वनी येतो ना? तसाच तो आवाज पतंगावर आपटून परत येतो आणि तिला कळते, शिकार कुठे आहे ते. इतका बारीक पतंग जिला सापडतो, ती तुमच्या डोक्यावर कशाला आपटेल? केसांची भीती उगाचच.

फक्त एक ध्यानात ठेवा. खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही, आणि त्याने उष्टावलेले फळ खायचे नाही. त्याच्यापासून आजार होऊ शकतो. मोठ्या माणसांना हाक मारा.

नातू गप्प होता. मग हळूच म्हणाला, “म्हणजे दुपारी ती झोपलेली असतात.” मी त्याला सांगितले, की तमिळनाडूत अशी काही खेडी आहेत, जिथे गावातल्या वटवाघळांची झोपमोड होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे लोक दिवाळीत फटाके वाजवीत नाहीत.

बाँब पुडक्यातच राहिला म्हणाल तर तसे काही नाही. तो फुटला, पण पार पलीकडच्या मैदानावर. तेवढी पायपीट त्याने आपण होऊन केली.

यंदा फराळाच्या वेळी त्यानेच नवा प्रश्न काढला. “आजोबा, उलटे टांगून घेतात, मग शू कशी करतात?” त्याची आजी “फराळाच्या ताटावर काय हे!” म्हणून रागावली. पण उत्तर ठाऊक असल्यावर मी थोडाच राहतो! वटवाघूळ त्या वेळी अंगठ्यांच्या आकड्यांनी फांदी धरते, पाय सोडून देते आणि क्षणभर सुलटे लोंबते. काम झाले की पुन्हा उलटे!