मुंढा कमी पडतो

गेल्या दिवाळीच्या आधी मी तीन माणसे जन्माला घातली. कादंबरी लिहिणाऱ्याला त्यात नवे काही नाही. पण ही तिघे कादंबरीत न जाता एका कपड्यांच्या दुकानाच्या अभिप्रायांत जाऊन बसली. एक सांगलीची नोकरदार बाई, एक ठाण्याची कॉलेजकन्या आणि तिसरे पत्नीसाठी जाकीट घेणारे नागपूरचे निवृत्त गृहस्थ. तिघांनीही पाच-पाच तारे दिले. सांगलीच्या बाईकडून तर मी एक बारीकशी कुरकुरही करवली, पार्सल दोन दिवस उशिरा आले अशी. खोट्याला खरेपणाचा वास यावा म्हणून!

दुकान माझ्या पुतणीचे. दुकान म्हणायचे एवढेच. त्याला पायरी नाही की पाटी नाही. कोथरूडला दोन खोल्या, तीन शिलाईयंत्रे, कापणारे एक मास्तर, आणि विक्री सगळी इंटरनेटवर. माल खणाचा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हा खण आमच्या आईच्या पिढीला चोळीपुरता आणि ओटीपुरता ठाऊक होता. आता त्याचे कुर्ते होतात, जाकिटे होतात, साड्याही निघाल्या आहेत. चांगली नोकरी सोडून पोरीने हे मांडले आहे, बचत सगळी त्यात घातली आहे. ती म्हणाली, "काका, तू लेखक आहेस ना? मग चार ओळी टाक की. सगळेच करतात." मी टाकल्या. टाकताना मजाही आली, हे कबूल केले पाहिजे.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली ती चेहरा पाडून. नाशिकच्या एका बाईंनी दोन तारे दिले होते, आणि खाली बऱ्याच ओळी लिहिल्या होत्या. कापड सुरेख आहे, रंग गेला नाही, पहिल्या धुण्यात किंचित आटले तेवढेच. पण मुंढा कमी पडतो. हात खाली असताना काही वाटत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले की काखेत ओढते आणि अख्खा कुर्ता वर चढतो. आईसाठी घेतला होता, तिचा खांदा आधीच दुखरा, तिला तो घालता-काढता येत नाही. परत पाठवत नाही, कारण कापड आवडले आहे.

मी ते दोनदा वाचले. माझ्या तीन मानसपुत्रांनी मिळून जेवढे सांगितले नव्हते तेवढे त्या बाईंनी एका परिच्छेदात सांगितले होते. पुतणीचे लक्ष मात्र ताऱ्यांवर. तिचेही चुकत नव्हते. बँकेत आकडे मोडण्यात जन्म गेला, म्हणून कागद घेऊन बसलो. पाच जणांनी पाच-पाच तारे दिले असतील आणि सहाव्याने दोन दिले, तर सरासरी साडेचारवर येते. हजार जणांनी पाच-पाच दिलेल्या बड्या दुकानात हेच दोन तारे पडले, तर सरासरी ४.९९७ राहते, म्हणजे कुणाला पत्ताही लागत नाही. मोठ्याला जी तक्रार मुंगी चावल्यासारखी, ती लहानाला विंचू डसल्यासारखी. त्यातून लोक काय कशाला तारे कापतील याचा नेम नाही. पावसात खोके भिजले, कुरिअरवाल्याने उद्धट उत्तर दिले, मोबाईलवर दिसला तो जांभळा घरी आल्यावर वांगी रंगाचा निघाला. शिक्षा शिवणाऱ्याला.

तेव्हा तिने ठरवले होते ते असे. बाईंना पूर्ण पैसे परत द्यायचे, कुर्ताही ठेवून घ्या म्हणायचे, आणि त्या बदल्यात एवढा अभिप्राय काढून टाका अशी विनंती करायची. पत्राचा मसुदा तयार होता. मी भाषा तेवढी गोड करून द्यायची.

ही रीत मला नवी नव्हती. १९९३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. त्या काळात बँकांच्या ग्राहकसेवेची बरीच चर्चा होती. स्टेट बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष गोईपोरिया यांच्या समितीचा अहवाल १९९१ च्या अखेरीस आला होता आणि परिपत्रकांचा पाऊस सुरू होता. आमच्या शाखेत खिळ्याला दोरीने तक्रारवही टांगलेली असे. भोके पाडलेली पाने, एक प्रत तक्रारदाराला, एक वरच्या कार्यालयाला. एके दिवशी एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी त्यात वळणदार अक्षरात लिहिले, 'माझ्या खात्यात शिल्लक किती आहे, हे मला सात महिने ठाऊक नाही.'

प्रकार साधा होता. आमच्याकडे पासबुके कामकाज आटोपल्यावर भरत, म्हणजे सकाळी टाकलेले पासबुक तीननंतर हातात येई. गुरुजींच्या गावची एसटी अडीचला सुटे, त्यानंतर एकदम सहाला. पासबुक ठेवून जावे, तर पैसे काढायच्या स्लिपेबरोबर पासबुक लागते. म्हणून ते कोरेच परत नेत. उपायही त्यांनीच लिहिला होता: पेन्शनच्या दिवशी बाहेरगावच्या माणसांची पासबुके आधी भरून द्यावीत. एका कारकुनाचे तासाभराचे काम!

माझी बढतीची मुलाखत तोंडावर आली होती. मी गुरुजींना केबिनमध्ये बोलावले, खुर्ची दिली, चहा मागवला, त्यांचे पासबुक समोर भरवून घेतले. मग वही पुढे सरकवून म्हटले, "गुरुजी, एवढं समाधान झालं म्हणून लिहून दिलंत तर बरं होईल." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि लिहून दिले. वरच्या कार्यालयाला त्या शेऱ्यासकट प्रत गेली. मला बढती मिळाली. पेन्शनच्या दिवशीची पासबुके मात्र तीननंतरच भरली जात राहिली. तीन महिन्यांनी गुरुजींनी आपली पेन्शन दुसऱ्या बँकेत वर्ग करून घेतली. अर्जावर कारण एवढेच, 'सोयीचे नाही.' तोवर आणखी किती जण काही न लिहिता गेले असतील, ते कुठल्याच वहीत नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. पुतणीला सांगितले. ती म्हणाली, "पण काका, त्यात तुझं नुकसान काय झालं? तू तर साहेब झालास." या प्रश्नाला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते, आजही धड नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मी तिला बोलू शकलो. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसते, कापड बोटांत चुरगळून बघते, पोत उजेडात धरते, बाह्या फिट झाल्या तर परत येऊन दुकानदाराला चार शब्द सुनावते. इंटरनेटवरच्या दुकानात बोटांना कापड लागतच नाही. परभणीला बसलेल्या मुलीला घेऊ की नको ठरवताना आधार कसला, तर आधी घेतलेल्या अनोळखी बाईच्या शब्दाचा. 'एम' आणि 'एल' या अक्षरांना तरी काय अर्थ आहे? एका दुकानातले एम ते दुसऱ्याचे एल. भारतीय अंगकाठीची प्रमाण मापे ठरवण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेला सहा शहरांतल्या पंचवीस हजार माणसांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घ्यावा लागला, यावरून काय ते समजावे. अशा वेळी सांगलीची जी बाई अस्तित्वातच नाही तिने 'माप अगदी बरोबर' असे लिहिले, तर फसते ती परभणीची मुलगी. आणि तिला फसवणारा मी.

कायदाही शोधला, जुनी सवय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्वच्छ लिहिले आहे की विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालावर अभिप्राय लिहू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही काढले. ते ऐच्छिक होते. पुतणी म्हणाली, "म्हणजे पाळणाऱ्यांनीच पाळायचं." तिचा हा टोमणा मला निरुत्तर करून गेला. खोटे तारे विकत घेणाऱ्यांच्या पंगतीत खऱ्याने उपाशी बसावे, असे तिला सांगणारा मी कोण? माझी पेन्शन दरमहा जमा होते.

शेवटी प्रश्न सोडवला तो मास्तरांनी. त्यांना अभिप्राय वाचून दाखवला. त्यांनी टेप गळ्यात टाकली, एक कुर्ता उलटा केला, काखेत बोट घातले आणि म्हणाले, "बाई बरोबर बोलते. खणाचा पन्हा लहान. कापड वाचवायला मी बाही जराशी आखूड रुंदीची काढतो. चौबगला टाकला असता तर ओढलं नसतं." चौबगला म्हणजे काखेत जोडायचा चौकोनी तुकडा, जुन्या सदऱ्यांना असायचा. पुतणीने विचारले, "मास्तर, मग आधी का नाही सांगितलंत?" मास्तर म्हणाले, "कुणी हात वर केलाच नाही. तुमच्या फोटोतल्या सगळ्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या."

पत्र गेले, पण वेगळे. तक्रार बरोबर आहे, कुर्ता पाठवा, आमच्या खर्चाने दुरुस्त करून देतो, अभिप्राय राहू द्या. तेच उत्तर अभिप्रायाखालीही छापले. माझी तीन पात्रे मी स्वतः उडवायला लावली. तेव्हा कळले की सांगलीच्या बाईंचे म्हणणे उपयुक्त वाटल्याची खूण अकरा जणांनी केली होती. माझ्या एकाही कादंबरीवर इतक्या तत्परतेने पत्रे आलेली नाहीत.

त्या महिन्यात तो कुर्ता फारसा खपला नाही. पुतणी माझ्यावर थोडी रागावलेलीच आहे; नव्या कापाच्या कुर्त्याला कापड जास्त लागते आणि किंमत वाढवावी लागली. नाशिकहून उत्तर आले ते आठवड्याने. कुर्ता पाठवत नाही, मीच काख उसवून आईच्या जुन्या खणाच्या चोळीचा तुकडा जोडला आहे, असे लिहून बाईंनी छायाचित्र पाठवले होते. मोरपंखी कुर्त्याच्या काखेत डाळिंबी चौकोन. आई हात वर करून उभी होती. मास्तरांनी ते छायाचित्र स्वतःच्या मोबाईलवर घेतले आणि पुढचे सहा कुर्ते मुद्दाम वेगळ्या रंगाचा चौबगला लावून शिवले. त्यातले चार गेले आहेत.

नाशिकच्या बाईंचे तारे अजून दोनच आहेत.