दहावीनंतर पोरींचं मैदान कुठं जातं?



थंडी पडली, सोयाबीन-कापसाची गडबड ओसरली की आमच्या शिरड शहापूरपासून औंढ्या-वसमतपर्यंत मोकळ्या भिंती दिसत नाहीत. जिकडेतिकडे बॅनर. 'भव्य कबड्डी सामने'. पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, प्रवेश फी, आणि खाली पंचवीस-तीस जणांचे हसरे फोटो. मी हे बॅनर वरपासून खालपर्यंत वाचते. फोटो पुरुषांचे, संघ पुरुषांचे. बाईचा उल्लेख असलाच तर तळाशी एका ओळीत – 'महिलांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था'.

म्हणजे आपण बसायचं! बसायला ना नाही हो. पण नुसतं बसायचंच का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता दुसरं चित्र बघा. पावसाळा सरता सरता शालेय स्पर्धा लागतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग. तिथं आपल्याच गावच्या पोरी खो-खोला अशा पळतात की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. एखादी खांबाजवळ अशी हुलकावणी देते की पाठलाग करणारी तोंडावर पडते. एखादी सूर मारून गडी टिपते, गुडघा सोलवटतो, आणि ती धूळ झटकून पुन्हा पळायला लागते. घरी 'हळू चाल, नीट बस' ऐकणारी हीच ती पोरगी, यावर विश्वास बसत नाही.

मग दहावीचा निकाल लागतो आणि ही पोरगी मैदानावरून गायब होते. कुणी तिला काढून टाकत नाही. 'खेळू नको' असंही कुणी तोंडानं म्हणत नाही. खेळायला जागाच उरत नाही, एवढंच. अकरावी-बारावीला १९ वर्षांखालचा गट असतो खरा, पण कॉलेजात मुलींचा संघ असेल तर! आणि कॉलेजच सुटलं तर? मग गॅस, धुणं, लहान भावंडं आणि 'बघायला येणारे पाहुणे'.

तिच्याच वर्गातला पोरगा मात्र दहावी नापास झाला तरी खेळत राहतो. कारण त्याच्याकडे मंडळ असतं.

हे मंडळ म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ या. शाळा वयाच्या अटीवर खेळवते. मंडळ तसं नाही. गावातली, गल्लीतली चार उत्साही माणसं एकत्र येतात, मंडळ काढतात, जिल्हा संघटनेकडे नोंदवतात. मग ते मंडळ जिल्ह्याच्या अजिंक्यपद स्पर्धेत उतरतं. तिथं चमकलेले खेळाडू जिल्ह्याच्या संघात जातात, जिल्ह्याकडून राज्य स्पर्धा खेळतात, आणि तिथून महाराष्ट्राच्या संघाचा रस्ता निघतो. शिडीची पहिली पायरी मंडळ. पुरुषांसाठी ही पायरी गावोगाव आहे. बायकांसाठी ती मुंबई, पुणे, ठाणे, सांगली अशा ठरावीक ठिकाणीच दिसते. मग आपल्या पोरी वर पोहोचत नाहीत म्हणून हळहळायचं कशाला? पायरीच नाही, तर चढायचं कुठून?

जिथं पायरी आहे तिथं काय घडतं, तेही बघा. मुंबईचा शिवशक्ती महिला संघ, पुण्याचा राजमाता जिजाऊ संघ ही नावं कबड्डीच्या मैदानावर आदरानं घेतली जातात. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक झाला. भारतानं तो जिंकला, आणि त्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. अभिलाषाला पुढं २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

'त्या मुंबईच्या, आपलं काय घेऊन बसलात', असं म्हणाल. तर मग आपल्या मराठवाड्यातलीच गोष्ट घ्या. धाराशिवची सारिका काळे. घरची गरिबी, आईचं शिवणकाम. कित्येक वर्षं एका वेळच्या जेवणावर काढली, असं तिनं स्वतःच मुलाखतीत सांगितलंय. ही पोरगी खो-खो सोडून घरी बसली असती तर कुणी दोष दिला नसता. पण धाराशिवमध्ये मैदान होतं, शिकवणारे होते, शाळेनंतरही खेळत राहायची सोय होती. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान तब्बल २२ वर्षांनी मिळत होता, आणि तो आणला मराठवाड्याच्या लेकीनं. शासनाच्या क्रीडा खात्यात तिला अधिकाऱ्याची नोकरीही मिळाली.

आणि अगदी अलीकडचं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे, आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. सांगायचं एवढंच, की पाणी, माती, भाकर आपल्यासारखीच असलेल्या गावांतून हे घडलंय.

आता घराघरांतल्या अडचणींकडे वळते. पहिली अडचण कपड्यांची. 'पोरगी मोठी झाली, हाफ पँटवर लोकांसमोर कशी पाठवू?' या वाक्यावर किती जणींचा खेळ संपला असेल, याची मोजदाद नाही.

तर ऐका. आयर्लंड नावाचा एक छोटा देश आहे. तिथं हर्लिंग नावाचा खेळ जीव की प्राण. हातात लाकडी काठी, लहानसा टणक चेंडू, आणि वाऱ्यासारखं पळायचं. या खेळाचं सगळं बळ गावच्या क्लबात, म्हणजे आपल्या भाषेत मंडळात. खेळाडूंना पगार नाही. कुणी शेती करतं, कुणी शाळेत शिकवतं आणि संध्याकाळी गावच्या मैदानावर हजर होतं. गावोगावचे संघ आधी आपल्या जिल्ह्यात भिडतात, मग प्रांतात, मग देशात. देशाचं हे क्लब अजिंक्यपद सगळ्यात जास्त वेळा जिंकलंय ते बॅलीहेल नावाच्या खेड्यानं. वस्ती म्हणाल तर काही शे माणसांची! आपलं शिरड त्याच्यापुढं शहरच म्हणायचं. बायकांच्या खेळाला तिथं कॅमोगी म्हणतात, आणि त्यांचीही देशपातळीवरची क्लब स्पर्धा १९६४ पासून आहे.

पण या पुढारलेल्या देशातही बायकांच्या कपड्यांचा नियम काय होता? चड्डीवर स्कर्टसारखा घेर असलेला पोशाखच घालायचा. खेळाडू म्हणत होत्या, हा अंगाला टोचतो, पळताना अडतो, आम्हाला साधी हाफ पँट चालेल. मे २०२५ मध्ये डब्लिन आणि किल्केनी या दोन्ही संघांच्या मुली हाफ पँट घालून मैदानात उतरल्या. पंचांनी सांगितलं, कपडे बदला, नाहीतर सामना रद्द. त्यांना बदलावे लागले. पण गवगवा एवढा झाला की त्याच महिन्यात खास सभा बोलवावी लागली आणि ९८ टक्के मतांनी नियम बदलला. आता जिला जे सोयीचं, ते तिनं घालावं.

आता दुसरं टोक बघा. इराणच्या मुली डोकं झाकून, हातपाय पूर्ण झाकून कबड्डी खेळतात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच मुलींनी भारताला २७-२४ असं हरवून सुवर्णपदक नेलं. २०१० आणि २०१४ ची सुवर्णपदकं जिंकलेल्या भारताला! आणि त्यांना शिकवलं कुणी? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांनी. परक्या देशात जाऊन, तिथली भाषा थोडीथोडी शिकून, त्या मुलींना घडवलं एका मराठी बाईनं.

या दोन्ही गोष्टी मला एकत्र ठेवून बघाव्याशा वाटतात. खेळ हाफ पँटमध्ये होतो, पूर्ण अंग झाकूनही होतो. ट्रॅक पँट घाला, लेगिंग घाला, वर सैल टी-शर्ट घाला. पळता येईल, गुडघा वाकेल आणि पोरीला अवघडल्यासारखं होणार नाही, एवढं बघितलं की झालं. कपड्यांपायी खेळ बंद करायचं कारण उरत नाही. आणि ठरवायचं खेळणारीनं, कट्ट्यावर बसणाऱ्यांनी नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. लग्न. आपल्याकडे लेक म्हणजे 'परक्याचं धन'. पुरुषाचं मंडळ जन्मभर एकच. तो विशीत खेळतो, तिशीत संघ सांभाळतो, चाळिशीत पंच होतो, पन्नाशीत अध्यक्ष होऊन बॅनरवर झळकतो. बाईचं काय? तिचं गाव बदलतं, जिल्हा बदलतो, मंडळ मागं राहतं. सासरच्या गावात महिलांचं मंडळच नसतं, मग ही सून कबड्डीची राज्य खेळाडू होती, हे तिच्या जावेलाही ठाऊक नसतं. म्हणून मला वाटतं, पोरींसाठी मंडळ हवंच, पण ते सुनांनाही उघडं हवं. माहेरी सुटलेला खेळ सासरी धरता आला, तरच तो तिचा.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. दहावीनंतर रिकामी दिसणारी पोरगी लवकर उजवली जाते, हे आपण डोळ्यांनी बघतो. जिच्या हातात पुढच्या महिन्यातल्या जिल्हा स्पर्धेचं ओळखपत्र आहे, तिच्या आईला 'यंदा थांबा, पोरगी खेळतीय' म्हणायला एक आधार मिळतो. खेळणाऱ्या पोरीच्या ताटाकडेही घरचं लक्ष जातं. शेंगदाण्याचा लाडू भावाच्या आधी तिच्या हातावर पडला, तरी मोठी गोष्ट झाली म्हणायची! शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के राखीव जागा आहेत. पण त्या जागेसाठी राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळावं लागतं, आणि तिकडचा रस्ता मंडळावरूनच जातो.

पैशाचं विचाराल तर खो-खोसारखा स्वस्त खेळ नाही. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा, दोन लाकडी खांब आणि रेघा मारायला फक्की. महिलांच्या कबड्डीला तर १२ बाय ८ मीटर पुरतं. मळणीच्या खळ्याएवढी जागा म्हणा ना! माती खणून, दगडगोटे वेचून मऊ केली की झालं.

जागा आणि थोडा पैसा मागायचा कुणाकडं? ग्रामपंचायतीकडं. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. या सभेला आपण सही करून परत येतो, की काही मागतो? या खेपेला मागा. मैदानाचा एक कोपरा सकाळी सहा ते आठ मुलींसाठी राखीव, एक दिवा, आणि कपडे बदलायला, लघवीला जायला दार असलेली एक खोली. तीनच गोष्टी. मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवू घालत नाही, ही तर पंचायत.

माणसंही गावातच सापडतील. शाळेतले खेळाचे सर नाहीतर मॅडम, पूर्वी खेळलेली एखादी सून, बचत गटातल्या दोघी-तिघी जबाबदार बायका. दोघींनी आळीपाळीनं मैदानावर बसायचं. 'पोरींच्या जवळ कोण आहे?' या आईबापाच्या प्रश्नाला उत्तर तयार हवं, आणि तो प्रश्न रास्तही आहे. बाहेरगावी सामने असतील तर सोबत एक बाई हवीच. एसटीला २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ते अशा वेळी कामी येईल.

पहिल्या वर्षी बारा जणी येतील, त्यातल्या पाच गळतील. लोक हसतील. जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात मोठा पराभवही होईल. होऊ द्या. हरायला तरी संघ लागतो ना! आज आपल्यापैकी किती गावांकडं हरण्यापुरताही महिलांचा संघ आहे?

तेव्हा बायांनो, येत्या महिला सभेत हा विषय लिहून द्या. तोंडी नको, कागदावर. खाली दहा जणींच्या सह्या घ्या, पोच घ्या, आणि ठराव झाला का ते पुढच्या सभेत विचारा. यात्रेतल्या सामन्यांच्या कमिटीलाही आत्ताच सांगून ठेवा, की एक दिवस महिलांच्या सामन्यांचा ठेवा, बक्षीस थोडं कमी असलं तरी चालेल. पुढच्या थंडीत बॅनर लागेल तेव्हा त्यावर 'महिला संघ' ही ओळ असली पाहिजे. बसायची व्यवस्था मग पुरुषांचीही करू!